एकाच आजारात ग्रंथी सुजते आणि आटतेही

नाशिकच्या कॉलेज रोडवरील दवाखान्यात डॉक्टर रुग्णाला घोटभर पाणी गिळायला सांगतात आणि गिळताना वर सरकणारी थायरॉईड ग्रंथी बोटांनी चाचपतात. रिपोर्टवर ‘अँटी-टीपीओ’चा, म्हणजे शरीराने स्वतःच्याच थायरॉईडविरुद्ध बनवलेल्या प्रतिपिंडांचा (एरवी रोगजंतूंशी लढणाऱ्या रक्तातील प्रथिनांचा), आकडा भलामोठा असतो, बोटांना मात्र कधी रबरासारखी घट्ट सूज लागते, तर कधी जवळजवळ काहीच लागत नाही. ‘मीठ तर आयोडीनचेच खातो’ हा घरच्यांचा प्रश्नही रास्त असतो, कारण 1962 पासून चाललेल्या सरकारी गलगंड नियंत्रण कार्यक्रमामुळे गलगंड म्हणजे आयोडीनची कमतरता, हे समीकरण आपल्याकडे पक्के बसले आहे.

ग्रंथीच्या आकारातील हा फरक प्रतिपिंडांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी नोंदला गेला होता. लंडनमध्ये विल्यम ऑर्ड यांनी 1878 मध्ये अंगावर सूज चढलेल्या रुग्णांत ही ग्रंथी आटलेली असल्याचे वर्णन केले. उलट जपानमधील हाकारू हाशिमोतो यांनी 1912 मध्ये चार स्त्रियांच्या काढलेल्या, वाढलेल्या ग्रंथींत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे थवे पाहिले. तो जर्मन भाषेतील निबंध बराच काळ दुर्लक्षित राहिला.

निर्णायक वर्ष 1956 चे. शरीर स्वतःविरुद्ध हत्यार उचलत नाही, या तोवरच्या समजुतीला त्या वर्षी दोन बाजूंनी तडा गेला. लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि सहकाऱ्यांना हाशिमोतो यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आजाराच्या रुग्णांच्या रक्तात थायरोग्लोब्युलिन या थायरॉईडमधील प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे सापडली, तर अमेरिकेत रोझ आणि विटेब्स्की यांनी सशांना थायरॉईडचाच अर्क टोचून त्यांच्या ग्रंथीत दाह घडवून आणला. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये ॲडम्स आणि पर्व्ह्स यांना अतिथायरॉईडच्या, म्हणजे थायरॉईड हार्मोन जास्त बनणाऱ्या, रुग्णांच्या रक्तात थायरॉईडला चालना देणाऱ्या टीएसएच या हार्मोनपेक्षा उशिरा आणि जास्त वेळ काम करणारा एक घटक आढळला. माझ्या मते हा तिसरा शोध सर्वांत विलक्षण होता, कारण तो घटकही पुढे प्रतिपिंडच निघाला. मात्र तो ग्रंथीची नासधूस करत नाही, तिला कामाला जुंपतो.

हे प्रतिपिंड टीएसएचच्या ग्राहकावर (थायरॉईड पेशीवर टीएसएच जिथे चिकटते त्या जागेवर) बसते आणि ग्रेव्ह्ज या अतिथायरॉईडच्या आजारात ग्रंथी वाढवून हार्मोनचा पूर आणते. त्याच ग्राहकावर बसून टीएसएचची वाट अडवणारी प्रतिपिंडेही असतात. ती प्रबळ असली की ग्रंथीला चालना मिळत नाही आणि ती आटते, जरी आटलेल्या प्रत्येक ग्रंथीमागे तीच असतात असे नाही. अँटी-टीपीओची गोष्ट निराळी. ती मुख्यतः आजाराची खूण आहे. पेशी मारण्याचे काम बहुतांशी टी-लिम्फोसाइट करतात. हाशिमोतोची सूज या पेशींच्या गर्दीमुळे, आणि हार्मोन घटल्यावर वाढलेल्या टीएसएचच्या रेट्यामुळे येते. म्हणूनच नुसत्या अँटी-टीपीओच्या आकड्यावरून गळ्याचा आकार सांगता येत नाही.

वाट अडवणाऱ्या प्रतिपिंडांचा लख्ख पुरावा नवजात बाळांत दिसतो. आईची ही प्रतिपिंडे वारेतून बाळात उतरली, तर निरोगी घडणीची ग्रंथीही जन्मताच मंद पडते, आणि काही महिन्यांत ती प्रतिपिंडे रक्तातून ओसरली की आपोआप पुन्हा चालू होते.