सेरेंगेटी : बुळकांडी आणि १९५९ची रेघ

टांझानियातल्या गोरोंगोरोच्या मसाई पशुपालकांना २०२२पासून हलवले जात आहे. त्यानिमित्ताने पुन्हा ऐकू येणारा ‘अतिचराई’ हा शब्द जुनाच आहे. १९५९मध्ये टांगानिकाच्या (आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीच्या) ब्रिटिश प्रशासनाने सेरेंगेटी या गवताळ प्रदेशाचे दोन भाग केले, तेव्हाही तोच पुढे होता. पश्चिमेला मसाईंविना उद्यान, पूर्वेला गोरोंगोरो, जिथे माणसे, गुरे आणि वन्यप्राणी एकत्र. आदल्या वर्षी मसाई म्होरक्यांच्या सह्या घेतल्या होत्या. ती संमती मानायची का, यावर आजही एकमत नाही.

रेघ ठरत आली तेव्हा वन्यप्राण्यांचे कळप कुठून कुठे जातात हेही नीट माहीत नव्हते. विमानातून मोजणी झाली आणि लक्षात आले, की पावसाळ्यात विल्डबीस्ट (मोठे कुरंग) ज्या आखूड गवतावर उतरतात त्याचा बराच भाग हद्दीबाहेर राहतो आहे. रेघ तरी तीच राहिली.

खरी गंमत पुढच्या दोन दशकांत उलगडली. १८९०च्या सुमारास आलेल्या बुळकांडीने गुरांबरोबर विल्डबीस्ट आणि रानम्हशीही मारल्या होत्या. (गुरांचा हा जीवघेणा साथीचा रोग आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना वेगळा सांगायला नको.) १९५०च्या दशकापासून आसपासच्या गुरांना लस टोचली गेली आणि १९६३नंतर जन्मलेल्या विल्डबीस्टच्या रक्तात रोगाची खूण सापडेना. १९६१मध्ये अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७७पर्यंत तेरा लाखांच्या पुढे गेले. गवत कमी उरले, वणवे घटले, झाडोरा वाढला. म्हणजे रानाचा कायापालट झाला तो गुरांना दिलेल्या लशीने!

मसाईंच्या वाट्याला मात्र उलटेच आले. फेब्रुवारीच्या आगेमागे विल्डबीस्ट वितात. त्यांच्या पिल्लांच्या नाका-डोळ्यांतल्या स्रावातून एक विषाणू गुरांना लागतो आणि लागण झालेले जनावर सहसा वाचत नाही. मसाईंना हा धोका पिढ्यान्‌पिढ्या माहीत. तेवढे महिने ते मैदान सोडून डोंगराकडे सरकतात. विल्डबीस्ट पाचपट झाल्यावर सगळ्यात कसदार गवतच त्या दिवसांत मसाईंच्या हातून गेले, आणि डोंगरावर गर्दी झाली. तिथली तुडवलेली कुरणे पाहून ‘अतिचराई’ म्हणणाऱ्यांनी हा भाग क्वचितच सांगितला.

१९७५मध्ये गोरोंगोरोत शेतीवर बंदी आली, १९९२मध्ये सैल झाली, २००९मध्ये परत आली. प्रशासन लोकसंख्येकडे बोट दाखवते : १९५९मध्ये आठेक हजार मसाई होते, आता लाखाच्या आसपास. आकडा खोटा नाही. स्थलांतरितांसाठी घरे बांधली आहेत ती सुमारे ६०० किलोमीटरवर, हांडेनी जिल्ह्यातल्या म्सोमेरात.