मृदू प्रवाळांची विविधता व मानवी हस्तक्षेप

मृदू प्रवाळ हे समुद्रात, विशेषतः उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तींवर, वसाहतीने राहणारे, चुन्याचा सलग सांगाडा नसलेले प्राणी. वसाहतीतल्या प्रत्येक पॉलिपला, म्हणजे एकेका छोट्या जीवाला, पिसासारखे आठ संस्पर्शक असतात. अंग मांसल असून त्याला आधार असतो तो आत विखुरलेल्या चुन्याच्या सूक्ष्म कंटिकांचा. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर मंगळासाठी घेतले जाणारे लाल पोवळे याच आठ संस्पर्शकांच्या गटातले. मात्र ते कठीण अक्षाचे आणि अस्सल असेल तर बहुधा भूमध्य समुद्रातले. घाटमाथ्यावरच्या माणसाची या गटाशी ओळख एवढीच, तीही प्राणी मेल्यानंतरची.

माणसाच्या वावराचा परिणाम मोजताना पहिली चूक होते ती आच्छादन (भित्तीचा किती भाग झाकला आहे) आणि विविधता (किती जाती आहेत) एकच समजण्याची. वाळवा-मिरजेकडचा उसाचा फड साताऱ्याच्या कास पठारापेक्षा कितीतरी हिरवा दिसतो. पण कासवर सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ८५० जाती आणि फडात लावलेली एकच. मोडलेल्या भित्तीवरही असाच फड माजतो. इंडोनेशियात स्फोट घडवून मासे मारल्यावर कठीण प्रवाळांचा चुरा होतो आणि त्या खडीवर झेनियासारखे झपाट्याने पसरणारे मृदू प्रवाळ जागा बळकावतात. वरून पाहणाऱ्याला वाटते, भित्ती सावरली. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर तर युनोमिया स्टोलोनिफेरा ही हिंदी-प्रशांत महासागरातली जात पसरली असून ती स्थानिक प्रवाळांना झाकून टाकते. ती शोभेच्या मत्स्यालयांच्या व्यापारातून आली, असे मानतात.

गढूळ पाण्याचा मार वेगळा. अनेक मृदू प्रवाळांच्या ऊतींत सूक्ष्म शैवले राहतात आणि त्यांच्या अन्नासाठी ऊन लागते. बाकीचे पाण्यातले कण टिपून जगतात. जंगलतोडीने सुटलेली माती आणि शेतातली खते नद्यांवाटे समुद्रात आली की उजेड घटतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर गढूळ पाण्यात शैवलधारी प्रकारांची संख्या घटलेली आढळते. कण टिपणाऱ्यांना तितकी झळ बसत नाही. पाणी तापले तर मात्र शैवले निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. १९९८ च्या उष्णतेत जपानच्या ओकिनावाभोवती कठीण प्रवाळांबरोबर मृदू प्रवाळही मोठ्या प्रमाणात मेले.

ही घट नोंदवणेही सोपे नाही. जात ओळखायची तर तुकडा विरघळवून कंटिका सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात. म्हणून बहुतेक पाहण्यांत ‘मृदू प्रवाळ’ असा एकच रकाना भरला जातो, आणि दहा जातींच्या जागी एक उरली तरी रकाना भरलेलाच राहतो.

भारतात २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समुद्रपंखे आणि ऑर्गन-पाइप प्रवाळ हे याच आठ संस्पर्शकांच्या गटातले प्राणी आले. सारकोफायटन, सिन्युलारिया यांसारख्या मांसल प्रकारांचे नाव त्या भरीत नव्हते.