भार सोडियमचा, आकार मॅग्नेशियमचा: लिथियम नावाचा तोतया

श्रावण लागला की लिथियम घेणाऱ्या रुग्णाला एक प्रश्न आवर्जून विचारायला हवा: "उपास अळणी करता का?" घरच्यांना हे विचित्र वाटतं. आजार मनाचा, मग मिठाची चौकशी कशाला? पण बायपोलर (कधी उन्माद, म्हणजे अतिउत्साहाचा झटका, तर कधी खोल नैराश्य) हा मेंदूचा, म्हणजे शरीराचाच आजार आहे, आणि त्यावरचं एक खात्रीचं औषध, लिथियम, मिठातल्या सोडियमचं सख्खं भावंड आहे.

१९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन मानसोपचारतज्ज्ञाने उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम दिलं आणि ते शांत झाले. रक्तातली पातळी मोजण्याची सोय तेव्हा नव्हती. त्यांचा पहिला रुग्ण पुढच्याच वर्षी लिथियमच्या विषबाधेने दगावला.

पुण्याला तोतयांची गोष्ट सांगायला नको. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून आलेल्या माणसाने भल्याभल्यांना फसवलं. लिथियमही असंच फसवतं, तेही दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण मूत्रपिंड. लिथियमच्या आयनावर सोडियमसारखाच एक धनभार असतो, त्यामुळे गाळलेल्या लिथियमपैकी सुमारे चार पंचमांश मूत्रपिंड सोडियम समजून परत रक्तात घेतं. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की ते सोडियम आणखी घट्ट धरून ठेवतं आणि त्याबरोबर लिथियमही. अळणी किंवा निर्जळी उपास, एप्रिल-मेमधला घाम, जुलाब, वारीतली पायपीट यांनी गोळ्या तेवढ्याच राहून पातळी चढते, ती अशी. साबुदाण्याच्या खिचडीत सैंधव असेल तर ही भीती नाही, कारण सैंधव म्हणजेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

दुसरं ठिकाण पेशीच्या आत, आणि खरी गंमत इथे आहे. लिथियम आयनाची त्रिज्या सुमारे ७६ पिकोमीटर, मॅग्नेशियमची ७२, सोडियमची मात्र १०२. म्हणजे भार सोडियमचा, आकार मॅग्नेशियमचा. जीएसके-३ नावाचं विकर (एन्झाइम) दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतं आणि त्यासाठी त्याला मॅग्नेशियम लागतं. लिथियम त्या जागेत जाऊन बसतं, पण भार मॅग्नेशियमसारखा दोन नसून एकच असल्याने काम पुढे सरकत नाही. जीएसके-३ मंदावलं की रेव-अर्ब-अल्फा हे पेशीतल्या दिवस-रात्रीच्या घड्याळाचं प्रथिन लवकर मोडतं, कारण त्याला टिकवणारे फॉस्फेट चिकटवले जात नाहीत. या घड्याळाचा फेरा लिथियममुळे लांबतो. विसर्जनाच्या रात्रीसारखं एखादं जागरण काही रुग्णांत उन्माद पेटवतं, म्हणून संशोधकांना या धाग्यात इतका रस आहे.

मग सगळ्यांनाच लिथियम का लागू पडत नाही? २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत सहा रुग्णांच्या त्वचेच्या पेशी चार जनुकांच्या मदतीने मूळपेशींत (ज्यांपासून कुठल्याही प्रकारच्या पेशी घडू शकतात) परतवल्या आणि त्यांपासून चेतापेशी वाढवल्या. निरोगी लोकांच्या चेतापेशींपेक्षा या फार सहज उत्तेजित होत होत्या. लिथियम घातल्यावर फक्त तिघांच्या शांत झाल्या, ज्यांना प्रत्यक्षात लिथियमने गुण आला होता त्यांच्याच! बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेतही, एकाच घरात अनेकांना मानसिक आजार असलेल्या कुटुंबांतून अशा मूळपेशी तयार केल्या गेल्या आहेत.

अमावस्या-पौर्णिमेचा किंवा बाहेरच्या बाधेचा यात कुठेही संबंध नाही. मांत्रिकाकडे घालवलेले महिने हे उपचाराविना गेलेले महिने असतात. थुंकीच्या नमुन्यातली जनुकं पाहून बायपोलरचं निदान करू म्हणणाऱ्यांनाही पैसे देऊ नयेत. २०२५ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात बायपोलरशी जोडलेल्या २९८ जागा सापडल्या, पण एकेकीचा वाटा नगण्य आहे.

रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करायची. रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी त्यानंतर. मात्रा बदलली असेल तर मध्ये पाच ते सात दिवस जाऊ द्यावेत. पातळी साधारण ०.६ ते १.० मिलीमोल प्रतिलिटर हवी. १.५ च्या वर धोका: हात जोरात थरथरणं, उलट्या, अडखळती जीभ, झोकांड्या. असं दिसलं तर पुढची गोळी न देता थेट रुग्णालय गाठावं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पातळी वाढते, म्हणून केमिस्टला लिथियमचं आधी सांगावं. पातळी अनपेक्षितपणे जास्त आली आणि रुग्ण ठणठणीत असला, तर रक्त कुठल्या नळीत घेतलं ते लॅबला विचारावं. हिरव्या टोपणाच्या काही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून घातलेलं औषध लिथियम हेपॅरिन असतं, आणि यंत्र तेही लिथियम मोजून बसतं.