गोळी कधी बंद होणार?

पुण्यात स्किझोफ्रेनियाच्या शुभंकरांच्या, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांच्या, स्वमदत गटात बसलं की एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "डॉक्टर, गोळी कधी बंद होणार?" विचारणारी बहुधा आई असते. मुलगा विशीत आजारी पडलेला, इंजिनिअरिंग अर्धवट सुटलेलं. आता कुठे बरं चाललंय. भास होत नाहीत, रात्री झोप लागते, शेजाऱ्यांवरचा संशय गेलाय. मग रोज गोळी कशाला, असं घरातली बाकीची मंडळी तिच्या मागे लागलेली असतात. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर ही गोळी मेंदूत नेमकं काय करते, तिथपासून सुरुवात करावी लागते.

या गोळ्यांमागच्या संशोधनात आपल्याकडच्या एका झुडपाचाही वाटा आहे, तो फारसा सांगितला जात नाही. 1931 मध्ये कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर आणि वेडाच्या उग्र झटक्यांवर उपयोग होतो, असं लिहिलं. 1952 मध्ये त्याच मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिलं, तेव्हा ससे निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा दिलं. शरीरात त्याचं डोपामिन बनतं. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले! 1957 सालचा हा प्रयोग. डोपामिन हा मेंदूचा स्वतःचा संदेशवाहक आहे हे त्यातून उलगडत गेलं आणि 2000 मध्ये कार्लसन यांना नोबेल मिळालं.

दरम्यान, 1952 मध्येच पॅरिसमध्ये देले आणि देनिकर या मनोविकारतज्ज्ञांनी क्लोरप्रोमाझिन वापरून पाहिलं होतं. मुळात ते शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी वापरात आलेलं औषध. वर्षानुवर्षं वॉर्डात ओरडत राहिलेली माणसं त्याने शांत झाली, बोलू लागली. असं का होतं, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हतं. सत्तरच्या दशकात टोरांटोच्या फिलिप सीमन यांनी दाखवून दिलं की ही औषधं डोपामिनच्या डी-2 रिसेप्टरवर, म्हणजे पेशी त्याचा संदेश जिथे टिपते त्या जागेवर, जाऊन बसतात आणि तो संदेश अडवतात, आणि जे औषध तिथे जितकं घट्ट बसतं तितका त्याचा डोस कमी लागतो.

पण डोपामिन वाढलं म्हणून शेजारी आपल्याविरुद्ध कट करतोय असं का वाटावं? दिल्लीच्या एम्समध्ये शिकलेले शितिज कपूर यांनी 2003 मध्ये मांडलेलं उत्तर मला सगळ्यांत पटतं. सरकारी कार्यालयात आलेल्या ढीगभर कागदांपैकी मोजक्या कागदांवर 'तातडीचे' असा शिक्का पडतो, तसं डोपामिन मेंदूत महत्त्वाच्या गोष्टींवर शिक्का मारतं. ते बेताल झालं की शिक्का कशावरही पडतो. समोरच्याचं खोकणं, रस्त्यावरून गेलेली लाल गाडी, टीव्हीवरच्या निवेदिकेची नजर, सगळंच आपल्यासाठी आहे असं वाटू लागतं. मग त्याचा अर्थ लावण्यासाठी मन एक गोष्ट रचतं. औषध शिक्के मारणं थांबवतं, पण रचलेली गोष्ट पुसत नाही. ती विरायला आठवडे, कधी महिने लागतात. पहिल्या चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून औषध बदलायला निघालेल्या नातेवाइकांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

आता गोळी बंद करण्याविषयी. 2012 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 65 चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. औषध चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात 27 टक्के रुग्णांचा आजार उलटला, तर औषध काढून निव्वळ प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी, दिलेल्यांमध्ये हे प्रमाण 64 टक्के होतं. फरक प्रचंड आहे. औषधाशिवायही वर्षभर ठीक राहिलेले काही जण होतेच, पण आपला मुलगा त्यांतला आहे का, हे आधी सांगणारी कोणतीही तपासणी आज उपलब्ध नाही. त्यामुळे बरं वाटतंय म्हणून परस्पर गोळी बंद करणं हा फार महागात पडणारा जुगार आहे. कमी करायचीच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

तरीही मुलं गोळी का टाळतात, जिभेखाली धरून बेसिनमध्ये का थुंकतात, हे समजून घ्यायला हवं. त्यांना त्रास होत असतो. मेंदूच्या पेट (PET) स्कॅनवरून दिसतं की साधारण 65 टक्के डी-2 रिसेप्टर अडवले गेले की गुण येतो आणि 80 टक्क्यांच्या आसपास गेलं की हात कापतो, चाल जखडते. औषधाला काम करायला जागा एवढीच. बशीवर ठेवताना कप खडखडायला लागला, तर ते डॉक्टरांना सांगा, डोस किंवा औषध बदलता येतं. नव्या औषधांनी कंप कमी होतो, पण त्यांतल्या बऱ्याच औषधांनी वजन आणि साखर वाढते. तेव्हा कंबरेचं माप आणि रक्तातली साखर यांच्याकडेही लक्ष हवं.

साधारण एक तृतीयांश रुग्णांना नेहमीच्या औषधांचा पुरेसा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी क्लोझापिन आहे. 1988 च्या एका गाजलेल्या चाचणीत, इतर औषधांपुढे हात टेकलेल्या रुग्णांपैकी 30 टक्क्यांना त्याने गुण आला, क्लोरप्रोमाझिनने फक्त 4 टक्क्यांना. क्वचित त्यामुळे पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. या धास्तीने ते फार उशिरा सुरू केलं जातं, आणि माझ्या मते या आजारात होणारं सगळ्यांत टाळण्याजोगं नुकसान हेच आहे.

गोळीचा जोर अपुरा पडतो तो दुसऱ्याच ठिकाणी. भास गेले तरी मुलगा दिवसभर नुसता बसून राहतो. आंघोळीला उठत नाही, मित्रांचे फोन घेत नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही. घरचे त्याला आळशी म्हणतात. हा आळस नाही, आजाराचाच भाग आहे, आणि डोपामिन अडवून तो फारसा सुधारत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम डोपामिनचे रिसेप्टर न अडवता मस्करिनिक रिसेप्टरवर, म्हणजे दुसऱ्याच एका संदेशवाहकाच्या रिसेप्टरवर, काम करतं. झॅनोमेलिन नव्वदच्या दशकात अल्झायमरसाठी तपासलं जात होतं. तिथे भास कमी झाले, पण पोटाचा त्रास सोसवेना. मेंदूत फारसं न शिरणाऱ्या ट्रॉस्पियमची जोड देऊन तो त्रास आटोक्यात आणला गेला. वाट आशेची आहे, पण मंजुरीमागच्या मुख्य चाचण्या जेमतेम पाच आठवड्यांच्या होत्या. लाखभर रुपये जमवून ते परदेशातून मागवण्याची घाई कोणी करू नये.

त्या बसून राहण्यावर घर काय करतं, याला वजन आहे. सतत टोमणे, चिडचिड आणि दोषारोप असलेल्या घरांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, हे लंडनमधल्या संशोधनातून पुढे आलं आणि चंडीगडमध्येही अभ्यासलं गेलं. म्हणून आईवडिलांवर खापर फोडायचं नाही. आजार त्यांच्या संगोपनातून आलेला नाही. तो निव्वळ आनुवंशिकही नाही: एकसारख्या जुळ्यांत एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यताही फार तर निम्मी असते. पण दमलेल्या आईला आधार मिळाला, तर मुलाचीही घडी बसते. पुण्यात जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन हेच काम करते.

आणि याचा पुरावा आपल्या शेजारचाच आहे. तमिळनाडू, गोवा आणि सातारा इथे 282 रुग्णांवर झालेली एक चाचणी 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते रुग्णांच्या घरी जात, गोळ्यांविषयी बोलत, दिनक्रम लावून देत, कामाला लागायला मदत करत. औषधोपचार दोन्ही गटांना मिळत होते. वर्षअखेर घरभेटींच्या गटात लक्षणं आणि परावलंबित्व थोडं अधिक कमी झालं. फरक माफकच. पण ही माणसं मनोविकारतज्ज्ञ नव्हती, आणि मनोविकारतज्ज्ञ तालुक्याच्या गावी मिळणं किती कठीण आहे हे आपण जाणतोच. असे कार्यकर्ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हवेत, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर हाताशी जे आहे ते वापरावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येतं. शिवाय 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सज्ञान व्यक्तीला एक हक्क दिलाय: आपण ठीक असतानाच, पुढे आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा, हे लिहून ठेवता येतं. कोणत्या गोळीने हात कापला आणि कोणत्या गोळीने झोप लागली, हे त्या कागदावर त्या मुलाइतकं नेमकं दुसरं कोणीच लिहू शकणार नाही.