रात्री आवाज येतो तो आकाशावरून

रात्री उशिरा घरातले दिवे मालवावेत आणि रेडिओच्या मीडियम वेव्हवर काटा अगदी सावकाश फिरवावा. दिवसभर जिथं नुसती खरखर होती, तिथं आता कुणीतरी बोलत असतं. भाषा कळत नाही. आवाज जवळ येतो, विरतो, पुन्हा येतो. हजार किलोमीटरवरून निघालेली लहर साधारण ३.३ मिलिसेकंदांत आपल्यापाशी पोचते, म्हणजे तिकडे उच्चारलेला शब्द आपण त्याच क्षणी ऐकत असतो. हे कळल्यापासून तो अनोळखी आवाज मला परका वाटत नाही.

स्टेशन तर दिवसाही चालू असतं. मग दिवसा ते लागत का नाही? त्याच्या काही लहरी जमिनीला धरून जातात आणि अंतर वाढेल तशा क्षीण होतात. बाकीच्या वर आकाशात जातात. तिथं ६० ते ९० किलोमीटर उंचीवर आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, सगळ्यात खालचा ‘डी’ थर असतो. सूर्यकिरणांनी तिथले काही इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. लहर आली की ते तिच्या तालावर हलू लागतात, पण आजूबाजूची हवा त्या मानानं दाट, त्यामुळे सारखे रेणूंवर आदळतात. लहरीची ऊर्जा तिथंच उष्णता होऊन संपते.

सूर्य मावळला की हे इलेक्ट्रॉन झपाट्यानं आयनांना, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या कणांना, जाऊन मिळतात आणि ‘डी’ थर जवळजवळ उरतच नाही. त्याच्या बराच वर असलेल्या ‘एफ’ थरात मात्र हवा इतकी विरळ, की इलेक्ट्रॉनला जोडीदार सापडता सापडत नाही. तो थर रात्रभर टिकतो, लहरीला वळवून खाली पाठवतो, आणि ती एका झेपेत हजार-दोन हजार किलोमीटर सहज ओलांडते.

आवाजाच्या त्या चढउताराला मी दोष मानत नाही. एकच लहर दोन वाटांनी येते. दोन्ही जुळल्या तर आवाज मोठा, एकमेकींच्या उलट पडल्या तर गुडूप. एडवर्ड ॲपलटन आणि माइल्स बार्नेट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९२४मध्ये नेमका हाच धागा पकडला. बीबीसीच्या इंग्लंडमधल्या बोर्नमथ केंद्राची तरंगलांबी त्यांनी हळूहळू बदलायला लावली, आवाजाचे चढउतार मोजले, आणि ‘एफ’च्या खालचा, लहर परतवणारा एक थर सुमारे १०० किलोमीटर उंचीवर असल्याचं दाखवून दिलं. १९४७चं भौतिकशास्त्राचं नोबेल ॲपलटन यांना मिळालं.

ऐकायला बसाल तेव्हा जवळपासचे चार्जर आणि एलईडी दिवे बंद करा. खरखर बरीचशी त्यांचीच असते. मग रेडिओच सावकाश फिरवून बघा. आतल्या, अँटेनाचं काम करणाऱ्या फेराइटच्या कांडीचं टोक ज्या दिशेला होईल तिकडचं स्टेशन दबतं, आणि कधी कधी त्याच्याखाली लपलेलं दुसरंच वर येतं.

पहाटेपर्यंत जागलात तर पूर्वेकडची स्टेशनं आधी जातात, कारण त्यांच्या वाटेवर ऊन आधी पडतं. पश्चिमेकडचं एखादं स्टेशन मात्र आपल्याकडे उजाडू लागलं तरी बोलत राहतं, हळू हळू बारीक होत.