हुजूरपागा

पुण्यातील लक्ष्मी रस्त्यावरची मुलींची जुनी शाळा. स्थापना १८८४. हुजूर म्हणजे पेशवे, पागा म्हणजे घोड्यांची जागा. पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा जिथे होती तिथे ही शाळा उभी राहिली आणि जागेचे नावच तिला चिकटले. कागदोपत्री शाळेची नावे बदलत गेली, पण पुणेकरांच्या तोंडी ‘हुजूरपागा’च राहिली.

न्या. महादेव गोविंद रानडे, रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित ही मंडळी संस्थापकांत होती. पुण्यात मुलींची शाळा तोवर नव्हती असे नव्हे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्येच भिडेवाड्यात ती काढली होती आणि त्यासाठी शेणमाती झेलली होती. ते ऋण आधी मान्य केले पाहिजे. हुजूरपागेची झेप प्राथमिक शिक्षणाच्या पुढची होती. मुलींनी इंग्रजी, गणित शिकावे, मॅट्रिकपर्यंत जावे, ही ती कल्पना.

अशा शाळेची मागणी करणाऱ्या सभेत रमाबाई रानडे यांनी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर इंग्रजीत निवेदन वाचले. तेव्हा त्या जेमतेम विशीच्या होत्या. चार लोकांत उभे राहून, तेही इंग्रजीत, वाचल्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे बोल त्यांना ऐकावे लागले. शाळेचा इतिहास लिहिताना संस्थापकांची यादी पहिली येते; माझ्या मते त्या यादीइतकेच मोल या वाचनाला आहे.

विरोध शाळा सुरू झाल्यावरही थांबला नाही. लोकमान्य टिळकांच्या वर्तुळातून, ‘केसरी’तून, शाळेच्या अभ्यासक्रमावर आणि वेळेवर टीका झाली. अकरा ते पाच ही वेळ मुलग्यांच्या शाळेची. मुलगी दिवसभर बाकावर बसली तर घरकाम केव्हा शिकणार, हा त्यातला मुख्य आक्षेप. वाद घड्याळाचा दिसतो, पण खरा प्रश्न मुलीचा दिवस कोणाच्या मालकीचा, हा होता. हुजूरपागेचा वारसा सांगायचा तर इथूनच सांगावा लागतो: मुलींसाठी वेगळे, हलके शिक्षण नव्हे, तर मुलग्यांच्या बरोबरीचे.

शाळेला वसतिगृह असल्याने पुण्याबाहेरच्या मुलींचीही सोय झाली. ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावती कर्वे सातव्या वर्षी इथे राहायला आल्या. शाळेत शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री जमली, त्यातून शकुंतलाबाईंचे वडील रँग्लर परांजपे यांचे घर मिळाले, पुस्तकांनी भरलेले. पुढे बर्लिनची डॉक्टरेट आणि मानववंशशास्त्रातले मोठे काम. कवयित्री शांता शेळके याच शाळेच्या. सुरुवातीच्या काळात शाळेत आलेल्या मुली बहुतांशी पांढरपेशा, वरच्या जातींतल्या घरांतल्या होत्या. ही मर्यादा होती, आणि ती सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही.

शाळा चालवणाऱ्या महाराष्ट्र गर्ल्स एज्युकेशन सोसायटीने पुढे कात्रजला शाखा काढली, मुलींसाठी वाणिज्य महाविद्यालयही सुरू केले. मूळ शाळा मात्र जागेवरच आहे. अनंत चतुर्दशीला विसर्जनाची मिरवणूक याच रस्त्याने जाते, आणि एरवी शाळा सुटली की दुकानांच्या त्या गर्दीत दप्तरे पाठीला लावलेल्या मुलींचा लोंढा मिसळतो.