घरच्या इंटरनेटसाठी टेलिफोनची तार ठेवावी की केबल घ्यावी?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पुणे शहरात आणि उपनगरांत घरातले वायरिंग करणे, राउटर आणि कॅमेरे बसवणे हे आमचे काम आहे. इंटरनेटची जोडणी आम्ही स्वतः देत नाही आणि ती देणाऱ्या कोणत्याही कंपनीकडून कमिशन घेत नाही. तरीही शिडी लावून काम चालू असताना सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच असतो की, टेलिफोनवर येणारे डीएसएल ब्रॉडबँड चालू ठेवावे की केबलवाल्याकडून जोडणी घ्यावी. उभ्या उभ्या दिलेले उत्तर बहुधा चुकते, कारण जाहिरातीत छापलेला वेग दोघांचाही चांगलाच असतो. खरा फरक पडतो तो आपल्या दारापर्यंत कोणती तार येते, ती किती लांबून येते आणि ती किती घरांत वाटली जाते यामुळे. या तिन्ही गोष्टी आपल्याला घरबसल्या तपासता याव्यात म्हणून हे पत्रक लिहिले आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्या इमारतीत ऑप्टिकल फायबर थेट घरात आणून देणारी जोडणी मिळत असेल, तर दर परवडतो का एवढे पाहून तीच घ्यावी. फायबरमध्ये वीज नव्हे तर प्रकाश वाहतो, त्यामुळे एक-दोन किलोमीटरच्या अंतराने वेग घटत नाही आणि त्या तारेतून विजेचा झटकाही घरात येत नाही. मात्र जिथे फायबर अजून पोहोचलेली नाही, किंवा सोसायटीने खोदकामाला परवानगी दिलेली नाही, अशा जुन्या इमारतींत आणि शहराच्या कडेच्या वस्त्यांत निवड अजूनही तांब्याच्याच दोन तारांमध्ये करावी लागते.

टेलिफोनची तार

डीएसएल म्हणजे आपल्या जुन्या लँडलाइनच्या तांब्याच्या जोडीवरूनच येणारे इंटरनेट. माणसाचे बोलणे या तारेची सुमारे ४ किलोहर्ट्झपर्यंतचीच जागा वापरते. त्याच्या वर, साधारण २५ किलोहर्ट्झपासून २.२ मेगाहर्ट्झपर्यंतच्या मोकळ्या जागेतून माहिती पाठवली जाते आणि म्हणूनच फोनवर बोलताना इंटरनेट बंद पडत नाही. आपल्याकडे बीएसएनएलने ही सेवा २००५ साली सुरू केली, तेव्हा २५६ केबीपीएस वेगाला सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँड म्हणत असत. ही व्याख्या २०२३ साली किमान २ एमबीपीएसवर आली. त्यामुळे ‘ब्रॉडबँड’ या नुसत्या शब्दावर विसंबून काहीही ठरवू नये.

डीएसएलची खरी मर्यादा अंतराची आहे. उच्च वारंवारतेचा सिग्नल तांब्यात झपाट्याने विरतो. आज बहुतेक ठिकाणी असलेल्या एडीएसएल२+ या पद्धतीत कागदावरचा कमाल वेग २४ एमबीपीएस असतो, पण तो एक्स्चेंजपासून (म्हणजे आपली लाइन जिथून सुटते त्या टेलिफोन केंद्रापासून) तार एक किलोमीटरच्या आत असेल तरच जवळपास मिळतो. तीन किलोमीटरवर सहा ते आठ एमबीपीएस मिळाले तरी लाइन चांगली म्हणायची, आणि पाच किलोमीटरच्या पुढे तर जोडणी टिकली तरी पुष्कळ. येथे अंतर म्हणजे नकाशावरचे सरळ अंतर नव्हे. तार रस्त्यांनी, खांबांवरून आणि कोपऱ्यावरच्या पेट्यांतून वळणे घेत येते, त्यामुळे समोर दिसणारे एक्स्चेंज तारेच्या हिशेबाने दोन किलोमीटर लांब असू शकते. काही वसाहतींत डीएसएलचे यंत्र वसाहतीतच बसवलेले असते. तसे असल्यास अंतराची अडचण जवळजवळ संपते. म्हणून हा प्रश्न लाइनमनला अवश्य विचारावा.

आपली लाइन कशी आहे हे मोडेम स्वतःच सांगतो. मोडेमच्या मागे किंवा खाली चिकटवलेल्या पट्टीवर जो पत्ता असतो (तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो), तो संगणकाच्या ब्राउझरमध्ये टाकल्यावर ‘डीएसएल स्टेटस’चे पान उघडते. त्यात लाइन ॲटेन्युएशन, म्हणजे तारेत सिग्नल किती विरतो, या नावापुढे डेसिबलमध्ये आकडा असतो. तो ३० च्या खाली असेल तर लाइन उत्तम समजावी, आणि ५० च्या वर असेल तर कितीही महागडा प्लॅन घेतला तरी वेग वाढणार नाही, हे पक्के समजावे. शेजारीच एसएनआर मार्जिन, म्हणजे लाइनवरच्या गोंगाटाच्या वर सिग्नलला किती फुरसत उरली आहे तो आकडा, असते; ते ६ च्या खाली उतरू लागले की जोडणी वारंवार तुटते.

याहून सोपी एक चाचणी आहे आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. रिसीव्हर उचलावा, एकच आकडा दाबावा म्हणजे डायल टोन थांबतो, आणि मग शांतपणे कानाला लावून ठेवावा. लाइन निरोगी असेल तर काहीच ऐकू येत नाही. खरखर, कडकड किंवा हलकी गुणगुण ऐकू आली तर कुठेतरी सांध्यात पाणी शिरले आहे किंवा तार गंजली आहे, असे समजावे. ही चाचणी भर पावसाळ्यात करावी. मे महिन्यात स्वच्छ वाटणारी लाइन जुलैमध्ये अगदी वेगळी वागते, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

दोष घरात आहे की बाहेर, हेही तक्रार नोंदवण्याआधी पाहावे. मोडेमसोबत एक लहान पांढरी डबी येते, तिला स्प्लिटर म्हणतात. तिच्यावर ‘लाइन’, ‘फोन’ आणि ‘मोडेम’ अशी तीन तोंडे असतात. बाहेरून आलेली तार आधी या डबीत आली पाहिजे आणि घरातले सर्व फोन तिच्या ‘फोन’ या तोंडाच्या पुढे जोडलेले असले पाहिजेत. एका घरी दर वेळी फोन वाजला की इंटरनेट बंद पडे. तीन वेळा मोडेम बदलून झाला होता. आम्ही भिंतीच्या कडेने तार तपासत गेलो, तेव्हा स्वयंपाकघरातला एक जुना समांतर फोन स्प्लिटरच्या आधीच जोडलेला सापडला. तो काढून डबीच्या पुढे जोडला आणि तक्रार संपली. नवा मोडेम घेण्यापूर्वी कृपया ही एक गोष्ट पाहून घ्यावी.

केबल म्हणजे नेमकी कोणती?

‘केबलचे नेट’ या एकाच नावाखाली आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या जोडण्या विकल्या जातात, आणि दोन्हींचे गुणदोष वेगळे आहेत. घरात येणारी तार जाड, बहुधा काळी, आणि तिच्या टोकाला फिरवून बसवायचा धातूचा कनेक्टर व मधोमध तांब्याची टाचणी असेल, तर ती टीव्हीचीच कोॲक्सियल तार होय. तिच्यावर इंटरनेट चालवण्याच्या पद्धतीला डॉक्सिस म्हणतात. याउलट तारेच्या टोकाला फोनच्या पिनसारखा पण थोडा रुंद, आठ धाग्यांचा प्लास्टिकचा प्लग असेल, तर ती लॅनची, म्हणजे संगणक एकमेकांना जोडण्याची, तार आहे. अशा वेळी जिन्यात किंवा गच्चीवर एखाद्या पेटीत स्विच (अनेक घरांच्या तारा एकत्र जोडणारे यंत्र) असतो आणि त्या पेटीपर्यंत बहुतेक वेळा फायबर आलेली असते.

कोॲक्सियल तारेत अंतराने वेग फारसा घटत नाही, कारण वाटेत सिग्नल वाढवणारे ॲम्प्लिफायर असतात. मात्र ही तार सामायिक असते. टेलिफोनची जोडी एक्स्चेंजपर्यंत फक्त आपली असते, तर येथे एका नोडवरची (म्हणजे वस्तीतल्या एका वाटप-पेटीवरची) सर्व घरे एकाच तारेतला वेग वाटून घेतात. जुन्या डॉक्सिसमध्ये एका वाहिनीतून (म्हणजे तारेतल्या वारंवारतेच्या एका पट्ट्यातून) साधारण ४० एमबीपीएसच जात, तेही सगळ्यांत मिळून. २००६ साली आलेल्या डॉक्सिस ३.० मध्ये अनेक वाहिन्या एकत्र बांधता येतात, त्यामुळे डॉक्सिस ३.० चा मोडेम मिळणार असेल तरच कोॲक्सियल जोडणी घ्यावी. सामायिकपणाचा दुसरा परिणाम अपलोडवर होतो. एखाद्या घरातला सैल कनेक्टर बाहेरचा विद्युत गोंगाट आत घेतो, आणि अपलोडच्या वाटेवर तो गोंगाट सगळ्या घरांचा मिळून नोडकडे जातो. आपला काही दोष नसताना आपले इंटरनेट रखडते ते यामुळे. आपल्या बाजूने एवढे करता येते की, तार घरात शिरताच पहिला फाटा मोडेमला द्यावा आणि टीव्हीचे फाटे त्यापुढच्या बाजूने काढावेत, कारण दोन फाट्यांचा प्रत्येक स्प्लिटर निम्मा सिग्नल खातो.

लॅनची जोडणी वेगाला चांगली असते, आणि अपलोडही बहुधा डाउनलोडएवढाच मिळतो. तिचा कच्चा दुवा तार ओढण्याच्या पद्धतीत आहे. स्विचपासून घरापर्यंतची तार १०० मीटरच्या आत असावी लागते, आणि ती बाहेरून जात असेल तर उन्हापावसात टिकणारी, काळ्या आवरणाची असावी लागते. प्रत्यक्षात घरात वापरण्याची राखाडी किंवा निळी तार गच्चीगच्चीवरून ओढलेली आम्ही रोज पाहतो. दोन उन्हाळ्यांत तिचे आवरण तडकते आणि पावसात आत पाणी जाते. वळिवाच्या पावसात जवळ वीज कोसळली, तर अशाच तारेवाटे झटका येऊन राउटरचे पोर्ट जळते. गडगडाट सुरू झाला की राउटरचा प्लग काढतो, असे ग्राहक सांगतात. त्या वेळी भिंतीतून आलेली लॅनची किंवा टेलिफोनची तारही काढून ठेवावी, कारण झटका पुष्कळदा तिच्यातूनच येतो.

केबलच्या दोन्ही प्रकारांत गच्चीवरच्या किंवा खांबावरच्या पेटीला वीज लागते. आपल्या घरी इन्व्हर्टर असला तरी त्या पेटीला बॅकअप नसेल तर वीज गेल्यावर इंटरनेट जाते. टेलिफोनच्या तारेला मात्र एक्स्चेंजमधून सुमारे ४८ व्होल्ट मिळतात, म्हणून साधा फोन वीज गेली तरी चालतो, आणि मोडेमला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर डीएसएलही चालू राहते. घरात वयस्क मंडळी एकटी राहत असतील तर हा मुद्दा हलका समजू नये.

घरात काय चालणार आहे?

बहुतेक ग्राहक डाउनलोडचा आकडा विचारतात आणि अपलोडचा विचारायचे राहून जाते. कोथरूडमधील आमच्या एका ग्राहक बाई घरून गणिताच्या शिकवण्या घेतात. त्यांना सगळी मुले स्वच्छ दिसत, पण मुलांना त्यांचा फळा थांबून थांबून दिसे, म्हणून त्या मुलांच्याच मोबाइलला दोष देत राहिल्या. त्यांच्याकडे डीएसएल होते. डाउनलोड ८ एमबीपीएस मिळत होते, पण अपलोड १ एमबीपीएसही नव्हते, आणि चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांनी दीड-दोन एमबीपीएस लागतात. एडीएसएलमध्ये तार कितीही चांगली असली तरी अपलोड साधारण १ एमबीपीएसच्या आसपासच राहते, कारण त्या पद्धतीची रचनाच तशी आहे. ०.८ एमबीपीएसने एक जीबीची फाइल वर चढवायला सुमारे पावणेतीन तास लागतात, तर २० एमबीपीएसने ती सात मिनिटांत जाते. म्हणून घरून शिकवणे, कार्यालयाचे काम किंवा घरचे कॅमेरे बाहेरून पाहणे असेल तर आम्ही लॅनचीच जोडणी सुचवतो. दोन माणसांचे घर, बातम्या, बँकेची कामे, अधूनमधून एखादा चित्रपट आणि जोडीला भरवशाचा फोन, एवढेच हवे असेल आणि लाइनवर खरखर नसेल, तर डीएसएल बदलण्याची घाई करू नये.

केबल घेण्याआधी त्याच इमारतीत तीच जोडणी असलेल्या शेजाऱ्यांकडे रात्री नऊ ते साडेदहाच्या दरम्यान वेग मोजून पाहावा. दुपारी मोजलेला वेग सांगण्यापुरताच असतो. आकडे वाचताना हेही लक्षात ठेवावे की जाहिरातीतला वेग बिट्समध्ये असतो आणि फाइलचा आकार बाइट्समध्ये, त्यामुळे ८ एमबीपीएसच्या जोडणीवर एका सेकंदाला एक एमबीच उतरते. दरात १८ टक्के जीएसटी धरला आहे का, आणि ठरलेला डेटा संपल्यावर वेग किती उरतो, हेही लेखी विचारून घ्यावे.

नवी जोडणी घेतली तरी जुनी निदान एक महिना चालू ठेवावी, आणि तो महिना पावसाळ्यातला असेल तर फारच उत्तम. लँडलाइनचा नंबर मोबाइलसारखा दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. तो बँकेत किंवा नातेवाइकांकडे वर्षानुवर्षे दिलेला असेल, तर बीएसएनएलकडेच त्याच नंबरवर फायबर मिळते का, हे आधी विचारावे. जोडणी बंद करण्याचा अर्ज दिल्यावर त्याची पोच घ्यावी आणि मोडेम परत करताना त्यावरचा क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा, कारण तो पुरावा नसेल तर अनामत रक्कम परत मिळताना अडचण येते.